बारा पिक्सेल

प्रिय गणित्या,

अक्षर वाकडंतिकडं आलं असेल तर समजून घे. कागद गुडघ्यावर धरून लिहितेय. आज गुरुवार. पाच वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, फोन केला नाही, आणि आता पत्र लिहायला बसले तर पहिलं वाक्य सुचायला अर्धा तास गेला. तुझा पत्ता तुझ्या बहिणीकडून घेतला. तिने सरळ विचारलं, "आता काय काम काढलंस त्याच्याकडे?" मी म्हटलं, पत्र लिहायचंय. शेवटी तिलाच काय वाटलं कोण जाणे, तिने पत्ता सांगितला. तू सायकली दुरुस्त करतोस, दुकान छोटं आहे पण चांगलं चालतं, हेही म्हणाली. मला बरं वाटलं, आणि लगेच बरं वाटल्याची लाज वाटली.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला घडलं ते आधी सांगते. आपल्या साहेबांनी एका वाचनालयाचं काम घेतलंय. मोठी इमारत, लांबच लांब दालनं. पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते पडद्यावर दिव्याने दिसलं पाहिजे, आणि नकाशा सपाट नको, वरून तिरका पाहिल्यासारखा हवा. साहेब म्हणाले, "अगं, आपण वृद्धनिवासासाठी केलं होतं ना तसलं, तेच काढ. फक्त त्या गणित्याचं गणित तेवढं दुरुस्त करून घे." इतक्या सहज म्हणाले. मीही सहजच मान हलवली. तुझं नाव आमच्याकडे आता असंच घेतलं जातं. नवीन लोक आले की मीच त्यांना सांगत आलेय, की बाबांनो, तपासल्याशिवाय काही पुढे पाठवू नका, नाहीतर गणित्याचं गणित व्हायचं. माझ्या तोंडचे शब्द आहेत हे. तुला कुणाकडून तरी कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळू दे.

तर मी कॉम्प्युटरवर ते जुनं पान उघडलं, वृद्धनिवासात कुणी घंटेचं बटण दाबलं की सिस्टरच्या पडद्यावर त्या खोलीत दिवा लावणारं. तो लांब मधला बोळ, दोन्ही बाजूंच्या खोल्या, जवळच्या ऐसपैस आणि लांबच्या बारीक होत गेलेल्या. खाली सूचनेची पिवळी पट्टी. मी टोकाकडच्या, शेवटून दुसऱ्या खोलीची घंटा वाजवून पाहिली, आणि दिवा शेवटच्या खोलीत लागला. मी म्हटलं, हं, हीच ती चूक. मनात तुझ्याबद्दल थोडी कीवही आली. मग वाचनालयाला सूचनेची पट्टी नको होती म्हणून मी ती काढून टाकली. एवढंच केलं. तुझ्या गणिताला अजून हातही लावला नव्हता. आणि गणित्या, माझ्या डोळ्यांदेखत नकाशाचं लांबचं टोक किंचित वर सरकलं आणि शेवटून दुसरी खोली अलगद दिव्याखाली येऊन बसली. दिवा बरोबर मध्यात. मी पट्टी परत घातली. खोली खाली गेली, दिवा भिंतीपलीकडे. पट्टी काढली. मध्यात. मी हे किती वेळा केलं असेल? शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "ताई, बरं वाटत नाहीये का?" मी तिला म्हटलं, जरा पाणी आण.

पट्टी कुणी घातली हे तुला ठाऊक आहे. तरीही मी नोंदी उघडल्या. कुणी, कधी, कुठली ओळ बदलली हे सगळं तिथे असतं. माझं नाव होतं. तारीख वृद्धनिवासातल्या अपघाताच्या सहा दिवस आधीची. माझी आई जाऊन नऊ दिवस झाले होते आणि मी कामावर परतले त्याच दिवसाची. तू मला म्हणाला होतास, "बारके, आठवडाभर घरी बस, इथे काही अडत नाही." मी ऐकलं नाही. घरात आईची चप्पल दारात होती, तिच्याकडे बघवत नव्हतं. वृद्धनिवासाच्या मुख्य बाईंनी भेटीच्या वेळा आणि डॉक्टरांच्या फेरीची वेळ पानावर खाली दिसू दे म्हणून सांगितलं होतं. वीस मिनिटांचं काम. मी ते केलं, जवळच्या दोन खोल्या आणि मधल्या दोन खोल्यांच्या घंटा वाजवून पाहिल्या, दिवे खोलीत लागले, मी पाठवून दिलं. लांबच्या खोल्या पाहिल्या नाहीत.

तूच मला शिकवलं होतंस रे हे. आठवतं, ऑफिसच्या त्या खिडकीपाशी? मी विचारलं होतं, दिवे नकाशावरच का चिकटवत नाही, एवढा उपद्व्याप कशाला? तू म्हणालास, नकाशा तिरका केला की त्यावरचा दिवाही त्याच्याबरोबर आडवा पडतो, लांबच्या टोकाला तर त्याची नुसती रेघ होते. दिवा उभा, गोल, दुरून दिसणारा हवा असेल तर तो नकाशाच्या पुढे धरलेल्या काचेवर काढायला हवा. आणि मग काचेवर नेमकं कुठे, हे मोजायला हवं. तू मला एक डोळा मिटून उभं केलंस, काचेवर रंगीत पेनाने रस्त्यावरच्या विजेच्या खांबाच्या जागी टिंब काढलंस, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला थोडं खाली बसवलंस. टिंब तिथेच होतं, खांब मात्र तिथून निसटला होता. "बघ," तू म्हणालास, "डोळा हलला की सगळं हललं. ब्राउझरला डोळा नसतो. नकाशा ज्या पेटीत ठेवलाय, त्या पेटीच्या बरोबर मध्यात तो डोळा आहे असं तो धरून चालतो." मला त्या दिवशी अगदी लख्ख कळलं होतं. आणि दीड वर्षाने मी त्याच पेटीत, तळाला, शंभर पिक्सेल उंचीची पट्टी घातली. पेटी उंच झाली, तिचा मध्य पन्नास पिक्सेल खाली गेला. ब्राउझरने गपचूप डोळा खाली आणला आणि सगळा नकाशा नव्या डोळ्याने काढला. तुझे दिवे मात्र जुन्याच डोळ्याने लागत राहिले.

मी कागदावर मांडून पाहिलं. बोळाच्या मधल्या ओळीत फरक शून्य. जवळच्या खोल्यांत दिवा चांगला पंचवीस पिक्सेल सरकतो, पण त्या खोल्या एवढ्या मोठ्या दिसतात की तो भिंतीच्या आतच राहतो. जरा कडेला लागला एवढंच वाटतं. लांबच्या टोकाला तो फक्त बारा पिक्सेल सरकतो. पण तिथे अख्खी खोलीच जेमतेम एकोणीस पिक्सेलची. बारा पिक्सेल म्हणजे शेजारचं घर. मी मुद्दाम चुकीच्या जागा निवडून तपासल्या असत्या तरी इतक्या नेमक्या निवडता आल्या नसत्या.

वृद्धनिवासातल्या शिवणाच्या बाई शेवटून दुसऱ्या खोलीत होत्या. आपण नकाशासाठी मोजमापं घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी तुझ्या शर्टाचं लोंबकळणारं बटण पाहून तुला जागेवर बसवून ठेवलं होतं आणि सुई ओवायला मला लावली होती. दुपारी अडीचला त्या न्हाणीघरात पडल्या. गळ्यातलं घंटेचं बटण दाबलं. दिवा शेवटच्या खोलीत लागला. तिथले आजोबा ठार बहिरे, आणि झोपेत त्यांच्याकडून बटण दाबलं जायचं हे सगळ्यांना माहीत. ड्यूटीवरची सिस्टर धावत गेली. आजोबा खुर्चीत शांत झोपलेले. तिने त्यांची नाडी पाहिली, पांघरूण सारखं केलं, परत येऊन दिवा बंद केला. थोड्या वेळाने पुन्हा लागला. पुन्हा गेली, पुन्हा आजोबाच. पुन्हा बंद केला. मग आणखी दोनदा घंटा झाली तेव्हा ती दुसऱ्या मजल्यावर कुणाला तरी औषध देत होती. झाडूवालीला बाई सापडल्या तेव्हा सव्वातीन वाजून गेले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यानंतर त्या सात महिने जगल्या, पण उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्या मुलीने चौकशीत एकच प्रश्न विचारला होता, "आईने किती वेळा बटण दाबलं?" साहेबांनी नोंदी बघून सांगितलं, "चार वेळा."

पडद्यावर खोलीचा नंबर लिहिला असता तर काहीच झालं नसतं. तू तसं म्हणालाही होतास. मुख्य बाईंना नको होतं, कारण पडदा येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसायचा. हेही कुणी नंतर काढलं नाही. त्या संध्याकाळी साहेबांनी पान उतरवलं, साधी नंबरांची यादी लावली, आणि तिरकं पान कुणी पुन्हा उघडलंच नाही. असं मी सोमवारपर्यंत समजत होते.

चौकशीची ती खोली मला आठवते. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, माझ्या बाजूला तू. साहेबांनी मला विचारलं, "त्या पानात तू काही बदल केला होतास?" मी म्हटलं, "फक्त सूचनेची पट्टी घातली. दिव्यांना हात लावलेला नाही." आणि खरंच लावला नव्हता. मग तू उभा राहिलास. "गणित माझं आहे. दिवा चुकला म्हणजे मी चुकलो." इतकंच बोललास आणि बसलास. दिवा नेमका कुठे लागत होता हे कुणी विचारलं नाही; कागदांत 'दिवा जरासा सरकलेला' एवढंच गेलं. मी तुझ्याकडे पाहिलं नाही. मी टेबलाखाली रुमाल पिळत होते, आणि गणित्या, मला सुटल्यासारखं वाटलं. छाती मोकळी झाली. ती गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, स्वतःलासुद्धा नीट नाही. सोमवारी पाणी प्यायले तेव्हा पहिल्यांदा कळलं, की पाच वर्षं मी तुला फोन का केला नाही. तुझा राग आला म्हणून नाही, तुला काय बोलावं कळत नव्हतं म्हणूनही नाही. तो मोकळेपणा टिकवायचा होता म्हणून.

पण खरा धक्का त्यानंतर बसला. नोंदी बघताना माझ्या नावाखाली आणखी एक नोंद दिसली. पान उतरवल्यानंतर दोन दिवसांची, चौकशीच्या तीन दिवस आधीची. तुझ्या नावाची. कोडमध्ये काहीच बदल नाही, फक्त एक छोटी टिपणाची फाइल. मी ती इतक्या वेळा वाचली की आता पाठ झालीय. "पट्टी असताना दिवा भिंतीबाहेर, बारा पिक्सेल. पट्टी काढल्यावर मध्यात. पेटीचा मध्य मी ठरीव आकडा टाकून लिहिला, दर वेळी मोजून घेतला नाही. उंची बदलणारच नाही असं धरून चाललो. चूक माझी."

तुला माहीत होतं. माझ्या शेजारी बसला होतास तेव्हा तुला माहीत होतं. मी पट्टीचं वाक्य बोलले तेव्हा तुला माहीत होतं. मी रुमाल पिळत होते तेही तू पाहिलं असशील. मी खुर्चीतून उठले आणि जिन्यात जाऊन बसले. रडू आलं नाही, रडू येण्याच्या पलीकडचं काहीतरी होतं. माणूस अंगावर गार पाण्याची बादली पडल्यावर जसा नुसता तोंड उघडून उभा राहतो ना, तशी मी बसून होते. शेजारची मुलगी दोनदा डोकावून गेली.

तुझ्या टिपणाशी भांडायचं म्हटलं तर मला भांडता येतं. आकडा ठरीव नको होता, हे खरं. एक पट्टी घातली म्हणून दिवे चुकतात असं गणित कच्चंच, हेही खरं. पण पट्टी मी घातली, आणि लांबच्या खोल्या मी तपासल्या नाहीत. दोन्ही एकदमच खरं आहे, आणि तू त्यातलं अर्धंच बोललास. माझी आई नुकतीच गेली होती म्हणून? आठवडाभर तू रोज डबा आणून माझ्या टेबलावर ठेवत होतास, आणि मी तो उघडते की नाही हे दुरून बघत होतास, म्हणून? की तुला मनापासून वाटत होतं की दोष फक्त तुझाच? सोमवारी रात्रीपर्यंत मी तुला मनातल्या मनात हात जोडत होते. मंगळवारी सकाळी उठले ती एका वेगळ्याच विचाराने, आणि त्या विचाराने माझं उरलंसुरलं बळही गेलं. त्या टेबलाशी तिसरं माणूसही होतं, सिस्टर.

सिस्टरला शोधायला एक दिवस लागला. ती आता शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात घड्या घालते. काल दुपारी त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत मी तिला जाऊन भेटले. तिने मला ओळखलं आणि उठून उभी राहिली, साहेबांपुढे उभं राहतात तशी. मी तिला सांगायला लागले, पट्टी, पेटी, डोळा, आणि माझ्याच लक्षात आलं की हे असं सांगून चालणार नाही. मी म्हटलं, "सिस्टर, दिवा चुकीच्या खोलीत लागत होता. तुम्ही दिवा होता तिथेच गेलात." मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे शेवटच्याच खोलीत होता? मला भास झाला नव्हता?" मी म्हटलं, नाही. ती कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. म्हणाली, "ताई, मी चौकशीत सांगितलं होतं. आदल्या दिवशी आजोबांनी घंटा दाबली तर दिवा भिंतीच्या बाहेर, बागेत लागला होता. मला वाटलं मशीन आहे, होतं असं. मी हे सांगितलं, पण साहेब म्हणाले, विषय सोडून बोलू नका." सांगितलं होतं रे तिने. मी त्या खोलीत होते. मला आठवतंय, तिने बाग म्हटल्यावर कुणीतरी हसलंही होतं.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मी दोनदा दिवा बंद केला. शेजारचं दार उघडून पाहायला मला कितीसा वेळ लागला असता? ते तुमच्या गणितात नाही बसायचं." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "पण इतकी वर्षं मला वाटायचं, माझी नजरच फिरली होती. दिवा बाईंच्याच खोलीत होता आणि मी भलत्याच दारात शिरले. दोन्ही वेळा. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास राहिला नाही, म्हणून पुन्हा कुणाच्या उशाशी उभी राहिले नाही." भोंगा झाला आणि ती आत गेली. जाताना वळून तिने विचारलं, "ते तुमच्या शेजारी बसलेले, चष्मेवाले, त्यांना कळलं का हे?" मी खोटं बोलू शकले असते. मी म्हटलं, त्यांना तेव्हाच कळलं होतं. तिचा चेहरा काय झाला ते मी लिहू शकत नाही.

तुला दोष द्यायला हे लिहिलेलं नाही. तो द्यायचा मला हक्कच नाही. तू माझ्यावर पांघरूण घातलंस, आणि ते इतकं मोठं होतं की त्याखाली तीही झाकली गेली, हे तुझ्या ध्यानात आलं नसणार. तू कुणाचं वाईट चिंतणारा माणूस नव्हेस. पण झालं ते असं झालं.

काल संध्याकाळी मी साहेबांना सगळं लेखी दिलं. ते म्हणाले, "झालं गेलं, आता कशाला उकरून काढतेस?" मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवून आले. आज सकाळी शिवणाच्या बाईंच्या मुलीकडे जाऊन आले. तिने दार अर्धंच उघडलं, पण शेवटपर्यंत ऐकलं, आणि एवढंच म्हणाली की आधी सिस्टरचं बघा. म्हणून हे पत्र. परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या मंडळाने सिस्टरच्या नावापुढे हलगर्जीपणाचा शेरा मारलाय, आणि तो असेपर्यंत तिला परिचारिकेचं काम कुठेही मिळत नाही. मी तिथे जाऊन विचारलं. ते म्हणाले, चौकशीच्या कागदांत ज्याने दिव्याची जबाबदारी घेतली, त्याचाच जबाब बदलल्याशिवाय फाइल पुन्हा उघडत नाही. माझी एकटीची सही पुरत नाही. पुढच्या बुधवारी सकाळी साडेदहाला त्यांनी आपल्या दोघांना बोलावलंय. तुझं टिपण मी छापून घेतलंय, तारखेसकट. तुला माझ्याशी एक शब्दही बोलायचा नसेल तर बोलू नकोस, लांबच्या बाकावर बस, पण ये. आणि तिथे पट्टीचं नाव घे, मोठ्याने, मी कुणाची कोण हे न बघता.

तुझीच,
बारकी

ता. क. सिस्टरला मी तुझा पत्ता दिलेला नाही. ती बुधवारी येणार आहे.